लिनक्सचं एकुलतं एक गिऱ्हाईक

दीपक निकमच्या कंपनीत ग्राहक सेवा, तांत्रिक आणि व्यवस्थापन असे तीन विभाग होते, आणि तिन्ही विभागांत मिळून दीपक निकम हा एकच माणूस होता. कचेरी म्हणजे नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटची मागची बाल्कनी. पूर्वी तिथे कुंड्या असायच्या. आता एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि डोक्यावर वाळत घातलेले कपडे होते. शेजारचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की तांत्रिक विभाग टेबलासकट हलायचा.

कंपनीचा मालही एकच होता. 'लिलाव' नावाचा, कॉम्प्युटरवर खेळायचा खेळ. खेळणाऱ्याने कांदा लावायचा, काढायचा, हवेशीर कांदाचाळीत साठवायचा आणि वेळ साधून ट्रॅक्टर बाजार समितीत न्यायचा. तिथे व्यापारी गोळा होतात, पुकारणारा बोली पुकारतो, आणि आपण सौदा करायचा की ट्रॅक्टर माघारी वळवायचा, हे ठरवायचं. अंबडच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून दीपकने हा खेळ केला होता. लांबलांबच्या देशांत तो बरा खपला. चाळीतला कांदा सडायला लागला की तिकडच्या लोकांना फार मौज वाटायची. नाशिक जिल्ह्यात मात्र कुणी हात लावला नाही. हा खेळ आम्ही दरवर्षी शेतात खेळतो, वेगळे पैसे देऊन कशाला खेळायचा, असं इथल्या लोकांचं म्हणणं पडलं.

अशा या कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला एका सकाळी तक्रार आली.

'महोदय, आम्ही आपल्याच जिल्ह्यातले. आपला खेळ ऑनलाइन दुकानातून रीतसर खरेदी केला. तो आमच्या यंत्रावर उघडत नाही. आमचे यंत्र जुने असून लिनक्स आहे. ते बदलता येणार नाही, कारण घरगुती आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. आपला, गोलटी.'

गोलटी म्हणजे कांद्यातला बारका माल. टोपणनाव घेणाऱ्याला निदान कांद्याची जाण आहे, एवढं दीपकला कळलं. बाकी भाषेवरून हा कुणी निवृत्त झालेला सरकारी माणूस असावा असं त्याने ठरवलं. अशी माणसं या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत.

आता लिनक्स म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी लोक आहेत. त्यांचं सुख न मोडता सांगायचं तर कॉम्प्युटरच्या आत सगळं बघायला एक कारभारी लागतो. बहुतेकांच्या घरी विंडोज नावाचा कारभारी असतो. लिनक्स हा दुसरा. तो फुकट येतो, प्रामाणिक असतो, आणि प्रामाणिक माणसाबरोबर संसार करणं जेवढं अवघड तेवढंच त्याच्याबरोबर अवघड. दीपकचा खेळ विंडोजच्या हाताखाली वाढलेला. लिनक्स त्याला दारात उभं करत नव्हता.

खरं तर दीपकला या गिऱ्हाइकाची कीव यायला हवी होती, कारण ऐन तारुण्यात तो स्वतः लिनक्सचा भगत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात जो नातेवाईक सापडेल त्याच्या कॉम्प्युटरवर त्याने लिनक्स बसवून दिलं. मावशीकडे बसवलं, मित्रांकडे बसवलं, देवळ्याला सासरीही बसवलं. सासऱ्यांना तर पहिल्या दिवाळसणाला समोर बसवून, चहा निवेपर्यंत, मनुष्यमात्राच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं. वर्षभरात लोकांनी एकेक करून ते काढून टाकल्याचं त्याच्या कानावर आलं. मग पोटापाण्यासाठी दीपकनेही काढून टाकलं. भक्ती ओसरली, जावईपण तेवढं उरलं.

आणि जावईपण हीच सध्या त्याची दुखरी जागा होती. सासरे कोंडाजी आहेर यांनी सगळी उमर बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवली होती. दीपकला खेळ सुचला तोच त्यांच्या गोष्टींतून. पण जावयाने नोकरी सोडून खेळ केला यावर त्यांनी चांगलं नाही की वाईट नाही, एक अक्षर काढलं नव्हतं. ज्याचा जन्म ओरडण्यात गेला त्याचं गप्प बसणं फार मोठ्याने ऐकू येतं. खेळ तयार झाला तेव्हा दीपकने बायकोकरवी, म्हणजे उज्वलाकरवी, त्यांना एक फुकट प्रत देऊ केली होती. "लेकीच्या घरचं फुकट काय घ्यायचं नाय," असा निरोप आला. उज्वला म्हणाली, जुनी रीत आहे, मनावर घेऊ नका. दीपकने मनावर घेतलं. त्यांना खेळ हलका वाटतो आणि रीत हे निमित्त आहे, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. त्यातून यंदा आला अधिक महिना. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात सासरचे लोक जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, वाण देतात, पाय धुतात. म्हणजे भर उन्हाळ्यात देवळ्याला जाऊन, ज्यांना आपल्या कामाची किंमत नाही त्यांच्याकडून पाय धुऊन घ्यायचे होते. शेजारच्या पाटावर साडू असणार. संतोषराव. दिंडोरीला द्राक्षवाल्यांना फवारणीची यंत्रं विकणारे. त्यांच्या कामाबद्दल सासरे तासभर बोलू शकत.

तेव्हा दीपकला हवा होता सासऱ्यांचा एक शब्द, आणि मिळाली होती गोलटीची तक्रार. त्याने ग्राहक सेवा विभागातर्फे उत्तर दिलं की कृपया विंडोज बसवून घ्यावे. गोलटीने कळवलं की ते शक्य नाही, कारण मागील पत्री नमूद केले आहे. दीपकने लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवायची एक युक्ती सांगितली. गोलटीने ती करून पाहिली आणि कळवलं की खेळ उघडला, मात्र मराठी अक्षरांच्या जागी चौकटी दिसतात आणि कांदा जांभळ्या रंगाचा आहे. 'असा कांदा आम्ही पाहिलेला नाही. प्रकरण तांत्रिक विभागाकडे वर्ग करावे.'

दीपकने कपडे बाजूला सारले, खुर्ची फिरवली आणि प्रकरण तांत्रिक विभागाकडे वर्ग झालं.

इथे शेजारी प्रवेश करतात. गोरक्षकाका हे सोसायटीचे सेक्रेटरी, वीज मंडळातून निवृत्त. सोसायटीच्या ऑफिसात बसून सीसीटीव्हीच्या पडद्यावर कोण कुणाच्या दारात कचरा ढकलतो ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. दीपकने त्यांना जिन्यात गाठून सगळी हकिगत सांगितली.

"गिऱ्हाइकं किती?" काकांनी विचारलं.

"लिनक्सवाला एकच."

"एका माणसासाठी एसटी सोडतात का?"

"नाही सोडत."

"मग?"

हा प्रश्न दीपकने स्वतःलाही विचारला होता. लिनक्सवर खेळ नेणं परवडतं का, यावर जगभरचे शहाणे वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. काही म्हणतात, गिऱ्हाइकं चिमूटभर आणि तक्रारी पोतंभर. काही म्हणतात, तक्रार करणारा तोच, पण नीट तक्रार करणाराही तोच, चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. दीपक पहिल्या पक्षाचा होता. पण 'रीतसर खरेदी केला' हे तीन शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हते. जिल्ह्यातून रीतसर खरेदी करणारा पहिला माणूस भेटला होता आणि त्याच्याच घरी माल पोचत नव्हता.

लिनक्सवर खेळ तपासायला लिनक्सचं एक जुनं मशीन हवं होतं. सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर गोलटीच्या यंत्राइतकाच म्हातारा होता. पण तो सोसायटीची मालमत्ता, आणि मालमत्तेला हात लावायचा म्हणजे ठराव. कमिटीची सभा भरली. अध्यक्षांनी विचारलं, याने सोसायटीला काय फायदा? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, मग गच्चीच्या गळतीचं काय? गळतीवर तासभर चर्चा झाली, ती निष्फळ ठरली, आणि त्या थकव्यात ठराव मंजूर झाला. सूचक गोरक्षकाका. संध्याकाळपर्यंत पूर्ववत करून देण्याच्या अटीवर.

दीपकने मोठ्या काळजीने त्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं. तो नीट चालू झाला. फक्त सीसीटीव्ही दिसेना. कॅमेऱ्यांचा प्रोग्राम विंडोजशिवाय दुसऱ्या कुणाला ओळखत नव्हता, आणि विंडोज परत बसवून कॅमेरे जोडायचे तर कॅमेरेवालाच यायला हवा होता. तो नाशिकरोडला राहायचा आणि फोनवर रोज "निघालोच" म्हणायचा.

गोरक्षकाका रिकाम्या पडद्यासमोर थोडा वेळ बसले. मग उठून दीपककडे आले आणि हॉलमधल्या सोफ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. उज्वला शाळेत निघाली होती, ती पर्स उचलता उचलता म्हणाली, "काका, चहा केलाय. आणि कचरा मी माझ्याच डब्यात टाकलाय, बघून घ्या." काका हसले नाहीत. त्यांना खरोखर करमत नव्हतं.

"आता तुझं झालं की माझं होईल," ते दीपकला म्हणाले. "मी इथंच बसतो."

माणूस मागे येऊन बसला की कामाचा वेग वाढतो असं म्हणतात. ते खोटं आहे. काकांना प्रत्येक गोष्ट समजावून घ्यायची असे. ऑफिसात जाऊन पहिल्यांदा खेळ लिनक्सवर उघडला तेव्हा शेत होतं, ट्रॅक्टर होता, पण ट्रॉलीत कांदा नव्हता. व्यापारी रिकाम्या ट्रॉलीत हात घालून मान हलवत होते. दिवसभराच्या शोधानंतर कारण सापडलं. कांद्याच्या चित्राचं नाव दीपकने एके ठिकाणी इंग्रजी मोठ्या अक्षराने लिहिलं होतं आणि एके ठिकाणी बारक्या. विंडोज असल्या गोष्टींकडे कानाडोळा करतो. लिनक्स करत नाही.

"म्हणजे तहसील कचेरीतला कारकून," काका म्हणाले. "आधारला दिपक ऱ्हस्व आणि पॅनला दीपक दीर्घ, तर त्याच्या लेखी माणसं दोन."

"अगदी तसंच, काका."

"मग त्याची चूक नाही. चूक तुझी आहे."

कांदा दिसायला लागला तसा पुकारणारा ट्रॅक्टरच्या इंजिनात उभा राहिलेला दिसला. त्याला बाहेर काढला, तर व्यापारी हवेत चालायला लागले. व्यापारी खाली उतरवले, तर पाऊस जमिनीतून वर पडू लागला. एकेक निस्तरत दीपकने एक प्रत गोलटीकडे पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसला. काकाही बसले. आता तेही या प्रकरणात गुंतले होते.

'खेळ उघडला. आभारी आहे,' गोलटीने लिहिलं होतं. दीपकचा चेहरा उजळला. पण पुढे आणखी होतं. 'तथापि पुढील बाबी निदर्शनास आणू इच्छितो. आवाज फक्त डाव्या कानात येतो. ट्रॅक्टर माघारी वळवला की यंत्र बंद पडते. तसेच पुकारणारे गृहस्थ आजारी आहेत काय? बोली पुकारत आहेत की दवाखान्यात नंबर लावत आहेत, हे समजत नाही.'

पुकारणाऱ्याचा आवाज दीपकचा स्वतःचा होता. बाथरूममध्ये उभं राहून, शॉवरच्या दांड्याला फोन टांगून त्याने तो भरला होता. डावा कान त्याने सहन केला असता, बंद पडणंही सहन केलं असतं. पण हे फार झालं. आपला आवाज हा माणसाचा हळवा भाग असतो. त्यातून त्याच दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांनी सीसीटीव्ही बंद असल्याबद्दल लेखी खुलासा मागितला, कॅमेरेवाला पुन्हा "निघालोच" म्हणाला, आणि देवळ्याहून फोन आला की संतोषरावांनी नवी गाडी घेतली आहे, धोंड्याला तीच घेऊन येणार आहेत, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, फार कौतुक आहे.

दीपक बाल्कनीत गेला, ताठ बसला, आणि पहिल्यांदाच व्यवस्थापकीय संचालक या नात्याने त्याने पत्र लिहिलं.

'महाशय, अख्ख्या जगात लिनक्सवर आमचा खेळ खेळू पाहणारे आपण एकटे आहात. एका माणसासाठी कंपनी चालत नसते. आपले पैसे परत घ्यावेत आणि घरच्यांबरोबर पत्ते खेळावेत.'

पाठवून झाल्यावर त्याला बरं वाटलं. ते चहा होईपर्यंत टिकलं. उज्वलाने पत्र वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला लिहिलं?"

"म्हातारा कशावरून?"

"'निदर्शनास आणू इच्छितो' असं तरुण माणूस लिहितो का?"

संध्याकाळी उत्तर आलं. 'पैसे परत नकोत. वाट पाहतो. पत्ते येत नाहीत. गोलटी.'

एवढंच. रागाचा एक शब्द नव्हता. दीपकने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मोठा पुरुषार्थ गाजवायला जावं आणि समोरच्याने बसायला पाट द्यावा, तसं त्याला झालं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटलेला माणूस काम चांगलं करतो. कुणाला न सांगता तो परत तांत्रिक विभागात जाऊन बसला.

धोंड्याच्या आठवड्यापर्यंत आवाज दोन्ही कानांत येऊ लागला, ट्रॅक्टर वळू लागला, पाऊस वरून खाली पडू लागला. गोरक्षकाका ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर रोज खेळून चुका सांगायचे. पहिल्यांदा ते घाईने सौदा करून फसले, मग हावेपायी कांदा चाळीत सडवला, मग हळूहळू सुधारले. कॅमेरेवाला अखेर खरोखरच आला, तेव्हा काकांनी त्याला दारातूनच सांगितलं, "आत्ता नको. लिलाव चालू आहे." सोसायटीत कचऱ्यावरून होणारी भांडणं बंद झाली होती, कारण कोण टाकतं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. अध्यक्षांनी खुलासा पुन्हा मागितला नाही.

पक्की प्रत गोलटीकडे पाठवून दीपक बायकोसह देवळ्याला निघाला. पोच काही आली नव्हती. वाटेत चांदवड मागे पडलं तरी त्याची फोन बघायची खोड जाईना.

"एका गिऱ्हाइकाचं एवढं काय घेऊन बसलात?" उज्वला म्हणाली.

"एकच आहे म्हणून तर."

सासरी पोचले तर ठरल्यापेक्षा लवकर पोचले. संतोषरावांची नवी गाडी आधीच दारात होती आणि तिच्यावर हार होता. सासूबाई यशोदाबाई ओट्यावरच भेटल्या. "या जावई, ऊन भलतं शे. आत बठा," असं आपल्या अहिराणी वळणाने म्हणत त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. मामा मागे गोठ्याकडे होते. दीपकला कपडे बदलायला मधली खोली दिली.

मधल्या खोलीत कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. बारा वर्षांपूर्वीचा तोच, वर विणलेला रुमाल. रुमाल अर्धवट सरकलेला होता आणि पडद्यावर उजेड होता. कुणीतरी घाईने उठून गेलं असावं. दीपकने शर्टाचं बटण काढता काढता तिकडे पाहिलं. पडद्यावर बाजार समितीचं आवार होतं. ट्रॅक्टर रांगेत उभे होते. कांदा लाल होता, जसा हवा तसा. मराठी अक्षरं ठसठशीत दिसत होती, आणि डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्याचं नाव होतं: गोलटी.

दीपक खाटेवर बसला. मग त्याला एकेक आठवायला लागलं. लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही म्हणून रीतसर खरेदी. यंत्र बदलता येत नाही कारण घरगुती आहे. पत्ते येत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी व्यवस्थापकीय संचालकांचं पत्र आठवलं, शब्दन् शब्द. त्या उकाड्यातही त्याचे कान गरम झालेले त्याला वेगळे कळले.

"दीपकराव, चला, पाट मांडलेत," बाहेरून सासऱ्यांची हाक आली.

दोन पाट होते, भोवती रांगोळी. संतोषराव आधीच बसून पाय पुढे करून तयार होते आणि गाडीचा गिअर आपोआप कसा बदलतो ते सांगत होते. दीपक शेजारी बसला. कोंडाजी आहेर समोर आले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले, आणि त्यांनी परात पुढे ओढली. यशोदाबाईंनी तांब्या दिला.

दीपकने पाय मागे घेतले. "मामा, नको."

"आं?"

"माझे पाय नका धुऊ. मी... मला नाही चालणार."

"का? पायाला काय लागलंय?"

"लागलं नाही काही."

"मग घ्या पुढं. रीत हाय ती. माझ्या मनाला आलं म्हणून धुतो का मी?"

पाणी पडलं. म्हातारे, खरखरीत हात पायावरून फिरले आणि पंच्याने पाय कोरडे केले. दीपकने मान वर केली नाही. यशोदाबाईंना वाटलं, जावयाला आपल्या घरच्या माणसांची आठवण आली. त्यांनी त्याला एक धोंडा जास्त वाढला.

जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी ओट्यावर सावलीला बसली. कोंडाजींनी सुपारी कातरली. संतोषराव बोलत होते, मग जेवण अंगावर येऊन तेही थांबले. कोंडाजींनी रस्त्याकडे बघत विचारलं, "दीपकराव, तुमच्या कंपनीत तांत्रिक विभागाला साहेब कोण हाय?"

"आहे एक जण," दीपक म्हणाला.

"त्याला सांगा, काम चोख झालं. आमच्या वळखीच्या एका माणसानं तुमचा खेळ घेतलाय. लय दिवस चालत नव्हता. आता चालतोय. रोज सकाळी बसतो त्यो. म्हणतो, आवार तंतोतंत उतरलंय. रिटायर झाल्यापासून आवारात गेलो नव्हतो, आता रोज जाऊन येतो, असं म्हणतो."

दीपक ज्या एका शब्दासाठी एवढे दिवस झुरत होता, तसे एका दमात कितीतरी आले होते, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

"फक्त ते तुमचे व्यवस्थापकीय संचालक," सासरे सुपारी तोंडात टाकत म्हणाले, "जरा तोंडाळ हायेत म्हणं."

"त्यांना काढून टाकलं, मामा."

"अरेरे. कवा?"

"आत्ताच. जेवणाच्या आधी."

"नका हो. कुणाच्या पोटावर पाय देऊ नये. समज द्या आन ठिवून घ्या."

संतोषराव अर्धवट जागे होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "कुणाचा खेळ चालत नव्हता? मामा, तुम्ही विंडोज टाकून घ्या हो एकदाचं. मी दर दिवाळीला सांगतो."

"त्या माणसाला बी सगळे हेच सांगत्यात," कोंडाजी म्हणाले. "पण त्याच्या जावयानं पयल्या दिवाळसणाला सवताच्या हातानं बसवून दिलेलं हाय. एवढं समजावून सांगितलेलं. चहा गार झाला तरी पोरगं बोलतंच होतं. ते काढायचं कसं? जावयाचं फुकट घ्यायचं नाय, तशी जावयानं बसवलेली वस्तू हलवायची बी नाय."

संतोषरावांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. दीपक सासऱ्यांकडे वळला.

"मामा, तांत्रिक विभागाची एक अडचण आहे."

"बोला."

"पुकारणारा आजारी आहे."

कोंडाजींच्या मिशा किंचित हलल्या. "ते त्या माणसाच्या बी ध्यानात आलंय."

"नवा पुकारणारा पाहिजे. जाणता. पण मागायचा कुणाला? सासरी काही मागू नये म्हणतात."

उंबऱ्यात यशोदाबाई उभ्या होत्या. "अधिक महिना शे," त्या म्हणाल्या. "या महिन्यात जावयानी मागं तर नाही म्हणता येत नाही. वाण समजा नि द्या त्याले."

कोंडाजी उठले, आत गेले आणि डोक्यावर टोपी घालून बाहेर आले. दीपकने फोन आवाज भरायला लावून ओट्याच्या कडेवर ठेवला आणि म्हणाला, "बसा ना, मामा. बसून बोललं तरी चालतं."

"बसून पुकारत नसत्यात."

ते पायरी उतरून अंगणात गेले. चपला नीट केल्या. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, जणू समोर व्यापारी गोळा झाले आहेत आणि मागे ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. आणि मग त्यांनी पुकारलं.

"बोला शेठ, बोला! माल बघा, पत्ती बघा, रंग बघा! हात घालून बघा! बोला!"

संतोषराव दचकून उठून बसले. शेजारच्या घरातली माणसं दारात आली. त्या आवाजात म्हातारपण कुठेच नव्हतं. बोली चढत गेली, थबकली, कुणाला तरी डिवचून पुन्हा चढली. कोंडाजी एकाला हात दाखवत होते, दुसऱ्याकडे पाठ फिरवत होते, तिसऱ्याची थट्टा करत होते, आणि रिकाम्या अंगणात दीपकला ती सगळी माणसं दिसत होती. उज्वला आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. वडिलांना असं पुकारताना तिने लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

रस्त्याने एक ट्रॅक्टर चालला होता, ट्रॉलीत कांदा. तो फाटकाशी थांबला. ट्रॅक्टरवाला उतरला आणि घाईघाईने आत आला.

"अण्णा, आज सुट्टी ना? मंग लिलाव इकडं हाय का?" त्याने अंगणात आजूबाजूला बघितलं. "काय भाव निघाला?"

कोंडाजींनी टोपी काढून घाम पुसला. दीपककडे त्यांनी पाहिलं नाही.

"गिऱ्हाईक एकच होतं," ते म्हणाले. "पण त्यानं माल माघारी नाय जाऊ दिला."

ट्रॅक्टरवाल्याने समजल्यासारखी मान हलवली आणि पाणी मागितलं. यशोदाबाई तांब्या आणायला आत वळल्या. दीपकने फोन बंद करायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला, आणि फोन तसाच चालू ठेवला.